यादोरावांच्या पाठीवरचा हात

यादोराव टेंभरे हातपंपाखाली बसून अंग धूत होते आणि त्यांचा लंगोटीयार बकाराम दांडा हापसत बोलत होता. बोलत होता म्हणजे काय, सकाळपासून बोलतच होता. बकारामचं तोंड एकदा सुरू झालं की ते बंद करणं माणसाच्या हातात नाही, असं दरेकशाच्या डोंगराखालच्या त्या गावात लहानथोर सगळेच मानत. पण त्या संध्याकाळी ते आपोआप बंद पडलं. पंपाचा दांडाही थांबला.

"यादो," तो हळूच म्हणाला, "तुह्या पाठीवर कोनाचा हात आहे गा?"

"तुहाच असन. काढ तिकडे."

"माहे दोनी हात दांड्यावर आहेत."

यादोरावांच्या उजव्या खांद्याखाली एक पंजा उठला होता. लालभडक, फुगीर, पाचही बोटं सुटीसुटी. हात लहान होता, बाईमाणसाचा. बकारामनं भीत भीत एक बोट लावून पाहिलं आणि चटकन मागं घेतलं.

"गरम आहे गा!"

आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत तो पंजा फिका पडत गेला. अंगावरचं पाणी सुकेपर्यंत पाठ पुन्हा कोरी करकरीत. डोंगरामागे दिवस बुडत होता, पंपाजवळ दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"रुक्मावैनी," बकाराम म्हणाला, आणि त्या दिवशी पुढं काहीच बोलला नाही.

रुक्माबाई म्हणजे यादोरावांची बायको. मागच्या शिमग्यात साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. चणीनं एवढीशी, पण आवाजानं सगळं घर हलवणारी. सगळ्या संसारात चारचौघांत तिनं कधी नवऱ्याला बोट लावलं नाही. बाजाराला जातानासुद्धा ती दहा पावलं मागंच चालायची. मात्र पहाटे यादोरावांच्या पाठीवर तिचा हात असा काही पडायचा की शेजारचा कुत्रा भुंकायचा. "उठा ना जी! हालर का मी चालू करू?" यादोरावांची धान कांडायची गिरणी होती, तिला गाव हालर म्हणे. ती हालर खरं तर त्या थपडेवरच चालत होती, हे यादोरावांना रुक्माबाई गेल्यावर कळलं. आता उठवणारंच कोणी नव्हतं. जाग आली तर उठायचं, नाही तर पडून राहायचं. अन्न गोड लागेना. अंगाला मात्र सारखी खाज.

दुपारी "हालरवर जातो" असं सांगून ते घरामागच्या रिकाम्या कोठ्यात, म्हणजे जुन्या गोठ्यात, जाऊन बसत. बैल विकून ट्रॅक्टर आला तेव्हापासून तिथं कोणी फिरकत नसे. सदरा काढावा, थंडगार मातीच्या भिंतीला पाठ टेकावी आणि डोळे मिटावेत; दिवस कलला की तिथूनच उठून हातपंपावर जावं. कोठ्यात जुन्या वैरणीचा वास होता आणि "आता कसं वाटते?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी यादोराव भ्याले का? भ्याले. खोटं कशाला बोला! पण जेवायला बसल्यावर त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. सून अल्का पदराआडून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पंजा पुन्हा उठला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बकारामचं तोंड एव्हाना पूर्ववत झालं होतं, त्यामुळे हातपंपाजवळ अर्धं गाव जमू लागलं. म्हाताऱ्या हात जोडायच्या. एकीनं तर पाठीला हळदकुंकूच वाहिलं. यादोराव सावकाश, चवीनं अंग धुऊ लागले. त्यांनी दाढी केली. हालर सुरू झाली, दुपारची कोठ्यातली बैठक तेवढी सुटली नाही. पंजा बघायचा तर काही निमित्त हवं म्हणून लोक धान घेऊन यायला लागले. पहाटे कोणी न उठवता यादोराव आता उठून बसत आणि अंधाराकडे बघून हळूच म्हणत, "उठलो ना वो."

हे ऐकून अल्काच्या हातातला पाण्याचा गडवा पडला होता.

यादोरावांचा मुलगा चंद्रशेखर आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा. भूत म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची.

"बाबूजी, हे अलर्जी आहे. वांगं बंद करा."

वांगं बंद झालं. पंजा उठला. सुकी मासोळी बंद झाली. पंजा उठला. हालरचा कोंडा अंगावर बसतो म्हणून यादोरावांना तोंडाला फडकं बांधून बसवलं. पंजा उठला तो उठलाच, उलट फडक्यामुळे लोकांना यादोराव जास्तच भीतिदायक दिसू लागले.

आता अल्काचं सांगायला हवं. त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. रीतच होती तशी. पण एका घरात राहायचं म्हणजे निरोप द्यावेच लागतात, म्हणून अल्का ते चंपा नावाच्या बकरीला सांगायची. "चंपे, चहा झाला म्हना." "चंपे, धोतर वाळलं म्हना." यादोरावही चंपेकडेच बघून उत्तर देत. वर्षानुवर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. या बाबतीत चंपेचा स्वभाव उत्तम. इकडचं तिकडे करायची नाही.

"चंपे," अल्का एकदा म्हणाली, "मले भेव वाटते म्हना. सासूबाई कायले येऊन राहिल्या, एकडाव कोनाले दाखवा म्हना."

बकारामनं ते ऐकलं आणि कोणालाही न विचारता पलीकडच्या गावाहून दुलीचंद भगताला घेऊन आला.

दिवेलागणीला दुलीचंद अंगणात बसला. समोर लिंबू, राख आणि पाय बांधलेली काळी कोंबडी. चंद्रशेखर हाताची घडी घालून खांबाला टेकला होता, नाक मुरडून. दुलीचंदनं यादोरावांना उघडं बसवलं, राखेत अंगठ्याचं नख बुडवलं आणि पाठीवर रेटून त्रिशूळ काढला.

"बोल बाई! का पायजे तुले? कायले आली? जबाब दे!"

कंदिलाभोवती एक किडा फिरत होता तेवढाच. दुलीचंदनं पुन्हा दरडावून विचारलं. आणि मग राखेखालची कातडी हलली. त्रिशुळाचा मधला दांडा फुगून वर आला, मग डावा, मग उजवा. राखेला तडे गेले आणि आतून लाल रेघा वर आल्या.

दुलीचंदनं आजवर गावोगावची शेकडो भुतं काढली होती. पण त्यातल्या एकानंही त्याला कधी जबाब दिला नव्हता, आणि तशी त्याची अपेक्षाही नव्हती. तो बसल्या बसल्या मागं सरकला.

"म्या... म्या नाई केलं हे," तो म्हणाला. "आईशप्पथ, म्या फक्त राख लावली."

आणि उठून जो धूम पळाला तो वहाणा, लिंबू आणि कोंबडी तिथंच टाकून. बकारामही त्याच्यामागं पळाला. दुलीचंदला परत आणायला गेलो होतो असं तो नंतर सांगत असे.

चंद्रशेखर मात्र पुढं झाला. त्यानं डोळे बारीक करून त्रिशूळ पाहिला. मग बापाच्या पाठीवर नखानं 'क' काढला. थोड्या वेळानं 'क' उठला. मास्तरकीच ती, त्याला राहवलं नाही. त्यानं 'ख' आणि 'ग'ही काढले.

"पाहा! पाहा! कातडीचा रोग आहे! नखानं काढलं का उठते!"

"झाली का शाळा?" यादोराव म्हणाले. "सदरा दे."

"बाबूजी, भूत नाई हे!"

"बरं. 'क' तूनं काढला. मंग पंजा कोन काढते?"

चंद्रशेखरनं सदरा पुढं केला. आता गोंदियाच्या डॉक्टरकडेच जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि अंगणातल्या अंधारात बांधलेली कोंबडी उगीचच कुडकुडली.

गोंदियाच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेनाच्या टोपणानं पाठीवर रेघ ओढली, ती उठलेली पाहिली आणि मान डोलावली.

"काका, खाज कधीपासून?"

"माही बुडी गेली तवापासून."

"असं होतं कधीकधी. कातडी फार हळवी होते, जरा दाबलं-खरवडलं की उठते. घाबरायचं नाही. रोज झोपताना एक गोळी घ्या."

खाली औषधाच्या दुकानात गोळी हातात घेऊन पोरगा चंद्रशेखरकडे बघत राहिला. "भैया, ये किसके लिए?"

"बाबूजींसाठी. खाज आहे."

"खुजली? ये तो डिप्रेशन की गोली है."

झालं! चंद्रशेखर दोन-दोन पायऱ्या चढत पुन्हा वर. "मॅडम, आमच्या बाबूजींचं डोकं ठीक आहे!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ठीकच आहे हो. ही जुनी गोळी उदासीवरची, दुकानदाराचं खरं आहे. पण खाजेचं जे मूळ असतं, तेही ती दाबते, अगदी थोड्या मात्रेत. म्हणून आम्ही कातडीवाले वापरतो." मग त्या यादोरावांकडे वळल्या. "काका, तसं उदास वाटतं का?"

"आमच्या घरी कोनी उदास नाई," चंद्रशेखर म्हणाला.

यादोराव वरच्या पंख्याकडे बघत होते. "पयले वाटे," ते म्हणाले. "आता नाई. आता थे येते ना."

डॉक्टरीणबाईंचा पेन कागदावर थांबला. त्यांनी चंद्रशेखरकडे पाहिलं. चंद्रशेखरनं खिडकीबाहेर पाहिलं.

गोळी गुणाची निघाली. यादोरावांना ढाराढूर झोप लागली, खाज गेली. पंजा पहिल्यांदा फिका पडला, मग नुसती बोटांची टोकं उमटली, मग एका संध्याकाळी काहीच नाही. हातपंपाजवळ जमलेले लोक थोडा वेळ थांबले आणि घरी गेले.

"आज बी नाई गा," बकाराम रोज सांगायचा. पुढं पुढं तोही पाठीकडे न बघताच सांगू लागला.

यादोरावांची दाढी वाढली. हालर बंद पडली. पहाटे जाग आली तरी ते अंधाराकडे बघत पडून राहत, पण बोलत नसत; बोलणार कोणाशी? आपणच गोळी गिळून तिला घराबाहेर काढलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. गेलेली बाई, दोन घटका टेकायला येत होती, तिलाही दार लावून घेतलं. संध्याकाळ झाली की ते अंगणाच्या कडेला उभे राहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर नजर लावत. त्यांना तसं उभं पाहून अल्काच्या अंगावर काटा यायचा. पंजा उठत होता तेव्हा आला नसेल एवढा. उदासीची गोळी घेऊन माणूस उदास झाला, ही गंमत एरवी बकारामनं गावभर केली असती. पण त्यानंही ती केली नाही.

मग एके दिवशी चंपा झोपली.

म्हणजे अशी झोपली की दिवस वर आला तरी उठेना. पाला पुढ्यात धरला, उठेना. अल्का चहा घेऊन उभी. आता सांगायचं कोणाला? चहा निवला. धोतर दोरीवरच राहिलं. जेवण तयार झाल्याचा निरोप पोचला नाही म्हणून यादोराव उपाशी बसले. दुपारपर्यंत घराचा सगळा कारभार ठप्प. शेवटी चंद्रशेखर शाळेतून आला, बकरीजवळ बसला आणि तिच्या दाढीला चिकटलेला गूळ आणि त्यातला गोळीचा तुकडा त्याला दिसला.

"बाबूजी! गोळी बकरीले चारली?"

"तिले बी खाज होती," यादोराव म्हणाले.

"काऊन पन?"

यादोरावांनी चंपेच्या दाढीचा गूळ बोटानं पुसला. "गोळी घेतली का थे येत नाई," ते म्हणाले, आणि लेकासमोर त्यांचे डोळे भरून आले. चंद्रशेखर उठून बाहेरच्या सपरीत गेला आणि उगाचच सायकलची हवा पाहू लागला.

संध्याकाळी चंपा जांभई देत उठली. दुसऱ्या दिवशी बाप-लेक पुन्हा गोंदियाला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी त्यांना मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथं यादोरावांनी आपली मागणी स्वच्छ मांडली. "साहेब, उदासी घालवा, पन खाज राहू द्या." अशी मागणी त्या डॉक्टरांकडे आधी कोणी केली नसावी. त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली. ही फक्त उदासीवर. खाजेला हात लावत नाही म्हणाले.

खाजेला तिनं हातच लावला नाही, पायच लावला. काही दिवसांतच यादोरावांच्या मानेपासून घोट्यापर्यंत लाल चट्टे उठले. हातभर, वीतभर, गोल, लांबट. हातपंपावर पुन्हा गर्दी. बकारामनं त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि कानाला हात लावले.

"आता एकटी वैनी नाई गा. पुरा खानदान उतरला."

म्हाताऱ्या माणसं ओळखू लागल्या. मांडीवरचा चट्टा म्हणजे यादोरावांच्या बापाचा पाय. पोटावरचा म्हणजे विहिरीत पडलेली आत्या. मंदाबाई नावाची नव्वदीची म्हातारी काठी टेकत आली, छातीवरच्या एका चट्ट्याकडे तिनं टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो माहा मेलेला बुडा आहे. तुह्या घरी का करून राहिला?" आणि काठीनं त्याला ढोसलंही. ढोसलं तिथं आणखी एक चट्टा उठला. लोक हसलेही, आणि हसता हसता मागंही सरकले, कारण दिवस बुडला होता आणि तो चट्टा खरोखर तोंडासारखा दिसत होता.

तिसरी गोंदियावारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही त्या नव्या गोळीचीच अॅलर्जी. एका गोळीनं खाज जाते, दुसरीनं येते. कातडी आणि मन दोन्ही हळवी असली की असं जपूनच करावं लागतं. आता चट्टे जाईपर्यंत सगळं बंद. दिवाळीनंतर या, मग नव्यानं पाहू.

चट्टे गेले. पितर आपापल्या ठिकाणी परतले. यादोराव पुन्हा दुपारचे कोठ्यात जाऊ लागले. दिवाळी तोंडावर आली होती आणि अल्कानं घर पोतायला काढलं होतं. पांढरी माती भिजवून भिंतींवर फिरवत ती एकेक खोली उरकत होती.

"चंपे," ती एका सकाळी हात मातीत असतानाच म्हणाली, "आता कोठ्याची भिंत राह्यली म्हना. तिथी सासूबाईचा हात आहे, त्याच्यावरून माती फिरवू का ठेवू, इचार."

"कोनता हात?" यादोराव म्हणाले.

ते चंपेकडे बघून म्हणाले नाहीत. सरळ अल्काकडे बघून म्हणाले. घरात इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं. अल्का गांगरली आणि तीही सरळच बोलून गेली.

"दिवाळीच्या गायगोधनचा जी. सासूबाई दरसाल बैलाच्या पाठीवर हात मारत, मंग एक भिंतीवर. एकाच जागी. जागा बदलली का लक्ष्मी बदलते म्हनत."

यादोराव उठले. कोठ्यात शिरले. रोज जिथं बसत तिथल्या भिंतीवरची जाळी त्यांनी हातानं पुसली. वरून धुळीनं भिंतीच्याच रंगाचा झालेला, पण बोटांना स्पष्ट लागणारा पंजा. तांदळाच्या पिठात डिंक कालवून रुक्माबाई खाली बसून तो उमटवायची, म्हणून गुडघ्याच्या जरा वर. सालोसाल थरावर थर चढून तो भाकरीएवढा जाड झाला होता. बसलेल्या माणसाच्या बरोबर उजव्या खांद्याखाली येईल असा.

यादोरावांना आधी राग आला, स्वतःचाच. म्हणजे ती आलीच नव्हती! मातीची भिंत होती, आणि आपण म्हातारपणी भिंतीला "उठलो ना वो" म्हणत होतो. गावाला कळलं तर बकाराम मेल्यावरसुद्धा सांगत राहील. त्यांनी आपला हात त्या पंज्यावर ठेवला. तो त्यांच्या तळव्याखाली सगळाच झाकला गेला, एवढासा. मग त्यांना वाटलं, भिंत असली म्हणून काय झालं? हात तर तिचाच आहे. तिनंच ठेवलेला आहे. ते तिथंच खाली बसले आणि कोणी बघत नसताना पोटभर रडले. शिमग्यापासून राहिलेलं सगळं रडणं त्यांनी तेव्हा उरकून घेतलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "चंपे, थे भिंत तशीच राहू दे म्हना." कोणाला काही सांगितलं नाही. चंद्रशेखरला तर मुळीच नाही.

तीन-चार दिवसांनी एका दुपारी ते कोठ्याच्या दाराशी आले आणि थबकले. आत कोणी तरी होतं. पोत्यावर, त्यांच्याच जागेवर, भिंतीला उघडी पाठ टेकून, डोळे मिटून. कवडशात धूळ तरंगत होती. क्षणभर यादोरावांना वाटलं आपणच बसलोय. मग त्यांनी खुंटीवरचा सदरा ओळखला. इस्त्रीचा, खिशाला पेन.

चंद्रशेखरनं डोळे उघडले. पळायला जागा नव्हती.

"अल्कानं भिंतीवरच्या हाताचं सांगतलं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, नजर खाली घालून, "बाबूजी, किती वेळ बसा लागते?"

यादोरावांनी आत येऊन दार ओढून घेतलं.

"मी काल रातीबी बसलो होतो. परवाबी. अल्काले पाठ दाखवली. काईच नाई उठत."

"तुले रोग नाई ना बापू," यादोराव म्हणाले. "कसा उठन?"

"आई गेली तवा मी रडलो नाई, बाबूजी. मी मंडपवाल्याशी भांडत होतो. मंग जेवन, मंग पाहुने. मंग राहूनच गेलं. आता रडतो म्हनतो तर येत नाई." तो बुडाखालच्या पोत्याचा धागा ओढू लागला. "दिवाळीनंतर गोंदियाले जाऊ ना, तवा त्या डॉक्टरले मलेबी दाखवा."

गावातला हा एकटा माणूस, भूत म्हटलं की ज्याच्या कपाळाची शीर उडायची. यादोराव त्याच्याजवळ गेले.

"फिर तिकडे," ते म्हणाले.

"काऊन?"

"फिर म्हनतो ना."

चंद्रशेखर भिंतीकडे तोंड करून बसला. यादोरावांनी हात वर नेला आणि त्याच्या पाठीवर अशी सणसणीत थप्पड दिली की आढ्यावरची कबुतरं फडफडून उडाली.

"उठ ना बे! शाळा का मी भरवू?"

चंद्रशेखरचे खांदे एकदा हलले, मग हलतच राहिले. तो रडायला लागला, लहान पोरासारखा, मोठ्यानं. यादोराव त्याच्यामागं उभे राहून वाट बघत होते. पाठ हळूहळू लाल होत होती. पाची बोटं वर आली, सुटीसुटी.

"उठला का, बाबूजी?" चंद्रशेखरनं नाक पुसत विचारलं.

यादोराव वाकले. जन्मभर हालरचा पट्टा ओढून ओढून फावड्याएवढा झालेला आपला तळवा त्यांनी त्या पाठीवर अलगद टेकवला. पंजा त्याच्याखाली सगळाच झाकला गेला. त्यांनी हात उचलून पुन्हा पाहिलं. लहान होता. बाईमाणसाचा. आणि गरम.

"सांगा ना. उठला का?"

"उठला," यादोराव म्हणाले.

"तुमचाच ना?"

यादोरावांनी खुंटीवरचा सदरा काढून लेकाच्या खांद्यावर टाकला.

"घाल हे," ते म्हणाले. "हात नको लावू. थोडा वेळ राहू दे तिले."